भिंतीतल्या भोकाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एक नाजूक तराजू आला. खोलीचे तापमान स्थिर राहावे म्हणून त्याच्याबरोबर एक एअरकंडिशनरही आला. बसवायला आलेल्या मिस्त्रीने बाहेरच्या भिंतीला मनगट जाईल एवढे भोक पाडले. त्यातून तांब्याच्या दोन नळ्या, विजेची केबल आणि पाणी जाण्याची एक नळी बाहेर काढली. उरलेल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वरून पांढऱ्या सिमेंटचा हात फिरवला आणि काम संपवले. एप्रिल-मे ठीक गेले. जुलैत एका सकाळी भोकापासून निघालेला पाण्याचा ओघळ भिंतीवरून तराजूच्या टेबलापर्यंत पोचलेला दिसला.

तराजू वाचला. पण मग आम्ही जुन्या वह्या उघडल्या. हवेतला ओलावा शोषून घेणाऱ्या चूर्णांची वजने आम्ही रोज करत होतो. ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासूनच हळूहळू वर सरकत होती. डोळ्यांना पाणी दिसण्याच्या कितीतरी आधी दमट हवा त्याच वाटेने आत येत होती. दोन महिन्यांची मोजमापे फेकून द्यावी लागली.

पहिला राग अर्थातच मिस्त्रीवर निघाला. नंतर मात्र माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. निर्वात नळीतली केसाएवढी गळती शोधण्यात दिवसचे दिवस घालवणारा मी, माझ्या डोक्यावरच्या या भोकाकडे एकदाही पाहिले नव्हते. भोक म्हणजे 'काहीच नसलेली जागा', तिच्यात काय पाहायचे, असेच आपण धरून चालतो. पुढे या विषयावरचे वाचन करताना लक्षात आले की ही चूक माझी एकट्याची नव्हती. मोठमोठ्या अभियंत्यांनीही ती केली आहे आणि तिची फार मोठी किंमत मोजली आहे. तोच इतिहास येथे थोडक्यात सांगायचा आहे.

उष्णता चढावर नेणारे यंत्र

आपला एअरकंडिशनर खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तेच यंत्र उलटे चालवले तर ते बाहेरच्या थंड हवेतून उष्णता गोळा करून घरात आणते. मग त्याला हीट पंप, म्हणजे उष्णतेचा पंप, म्हणतात. पाणी जसे आपोआप उताराकडे वाहते आणि चढावर न्यायला पंप लागतो, तशीच उष्णताही आपोआप थंडाकडे जाते. तिला उलट दिशेने न्यायचे तर ऊर्जा खर्च करावी लागते. मात्र एक युनिट वीज खर्चून तीन युनिटांच्या आसपास उष्णता घरात आणता येते, कारण उरलेली दोन युनिटे बाहेरच्या हवेने दिलेली असतात.

ही कल्पना जुनी आहे. १८५२ मध्ये विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने, अशा यंत्राने इमारती गरम करता येतील असे मांडले. त्यानंतर चारच वर्षांनी ऑस्ट्रियातल्या एबेन्झे या गावी पीटर फॉन रिटिंगर यांनी मिठागराचे खारे पाणी आटवण्यासाठी या तत्त्वावर एक यंत्र उभारले. झुरिक शहराच्या नगरसभागृहात १९३८ साली बसवलेला हीट पंप शेजारच्या लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेत असे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर युरोपात या यंत्राकडे गंभीरपणे पाहिले जाऊ लागले. आज नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमधल्या लाखो घरांच्या बाहेर त्याचा पंखा फिरताना दिसतो.

गंमत अशी, की ऊर्जा वाचवणारे हे यंत्र बसवताना पहिले काम करावे लागते ते भिंतीला भोक पाडण्याचे! अर्धा भाग आत, अर्धा बाहेर आणि त्यांना जोडणाऱ्या नळ्या-केबली भिंतीतून. ज्या घरातली उष्णता जपण्यासाठी एवढा खटाटोप, त्याच घराला आपण नवी वाट पाडून देतो.

फटी बुजवण्याची जुनी कला

फटी बुजवणे हे काम माणसाला नवे नाही. कोकणातले कारागीर गलबताच्या फळ्यांमधल्या फटीत तेल-राळेत भिजवलेला कापूस ठोकून भरत आले आहेत. युरोपात हेच काम डांबरात भिजवलेल्या तागाच्या धाग्यांनी होई. खिडकीच्या काचा जवसाचे तेल आणि खडूची भुकटी मळून केलेल्या लगद्याने बसवत. आपले रंगारी त्याला 'लांबी' म्हणतात. पण हे सगळे पदार्थ कालांतराने कडक होतात, आक्रसतात आणि सोडून येतात. रबरासारखे लवचीक राहणारे पदार्थ विसाव्या शतकात आले. १९२० च्या दशकात अमेरिकेत जोसेफ पॅट्रिक यांना गंधकयुक्त कृत्रिम रबर मिळाले. १९३७ मध्ये जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले. त्यापासूनच पुढे फुगून जागा भरणारा फोम तयार झाला. १९४० च्या दशकात सिलिकोन बाजारात आले.

साहित्य असे चांगले होत गेले. परंतु हे साहित्य नेमके काय अडवण्यासाठी वापरायचे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. पावसाचे पाणी अडले की काम झाले, अशीच समजूत होती. ती तीन वेगवेगळ्या बाजूंनी खोटी ठरली.

पहिला धडा : बाष्प

१९३० च्या दशकात अमेरिका-कॅनडातल्या लाकडी घरांच्या भिंतींमध्ये उष्णतारोधक भरण्याची पद्धत वाढली. त्यानंतर नवीच तक्रार सुरू झाली. बाहेरच्या फळ्यांवरचा रंग पापुद्रे सुटून पडू लागला. रंगारी म्हणत, हे उष्णतारोधकच पाणी ओढून घेते. मिनेसोटा विद्यापीठातले फ्रँक रौली यांनी प्रयोग करून दाखवले की पाणी बाहेरून येत नाही. घरातलेच बाष्प भिंतीत शिरते आणि थंड भागाला टेकताच त्याचे पाणी होते. भिंतीच्या आतल्या अंगाला बाष्प अडवणारा कागद लावावा, असा उपाय त्यातून निघाला.

उपाय बरोबर होता, पण अपुरा होता. कागद लावलेल्या भिंतीही कुजत राहिल्या. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले नील हचन, ए. जी. विल्सन आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत याचा मागोवा घेतला. त्यांच्या लक्षात आले की बाष्प भिंतीच्या पदार्थातून झिरपून जेवढे जाते, त्याहून कितीतरी जास्त ते वाहत्या हवेबरोबर भोकांतून आणि फटींतून जाते. थंड प्रदेशातल्या इमारतींच्या अभ्यासात याचे एक उदाहरण नेहमी देतात. सुमारे तीन चौरस मीटरच्या प्लास्टरबोर्डातून एका हिवाळ्यात पाव-अर्धा लिटर पाणी झिरपून जाते. त्याच बोर्डाला एक इंच लांब, एक इंच रुंद भोक असेल तर त्यातून हवेबरोबर जाणारे पाणी तीस लिटरच्या घरात जाते. म्हणजे जवळजवळ शंभर पट! भोक नळीचे आहे की केबलचे, याच्याशी बाष्पाला कर्तव्य नसते.

आमच्या प्रयोगशाळेत दिशा उलटी होती, एवढाच फरक. ओलावा बाहेर होता आणि थंड पृष्ठभाग आत होता.

दुसरा धडा : उष्णता

तेल स्वस्त होते तोवर गळणाऱ्या उष्णतेची कोणाला फिकीर नव्हती. १९७३ नंतर ती वाटू लागली. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट सोकोलो यांच्या गटाने १९७२ पासूनच न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स या नव्या वसाहतीतल्या घरांचा अभ्यास हाती घेतला होता. घरांच्या माळ्यावर उष्णतारोधकाचा थर होता. गणिताने तेथून जेवढी उष्णता जायला हवी होती, त्याच्या कित्येक पट प्रत्यक्षात जात होती. रोधक निकामी आहे का? तसे नव्हते. नळ्यांभोवतीच्या आणि तारांभोवतीच्या मोकळ्या जागांमधून, पोकळ विटांच्या सामाईक भिंतींमधून गरम हवा थेट माळ्यावर चढत होती. रोधकाला वळसा घालूनच ती पळत होती. या गटातले जॅन बेया, गौतम दत्त आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ही गोष्ट प्रसिद्ध केली.

येथे एक छोटे गणित करून पाहू. दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांना ते सहज जमेल. समजा, नळ्या-केबली जाऊन भोकात १० चौरस सेंटिमीटर जागा रिकामी राहिली. वाऱ्यामुळे आणि तापमानातल्या फरकामुळे घराच्या आत-बाहेर ४ पास्कल दाबाचा फरक सहज असतो. हा फरक इतका थोडा आहे की पाण्याची पातळी त्याने अर्धा मिलिमीटरही उचलली जाणार नाही. दाबाच्या फरकाची दुप्पट घेऊन तिला हवेच्या घनतेने (१.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर) भागावे आणि वर्गमूळ काढावे. वेग येतो सेकंदाला सुमारे २.६ मीटर. छिद्रातून जाताना प्रवाह आकसतो, म्हणून त्याचे ०.६ पट धरू. मग सेकंदाला सुमारे दीड लिटर, म्हणजे दिवसाला १३० घनमीटर हवा जाते. मध्यम आकाराच्या खोलीतली सगळी हवा दिवसातून अडीच-पावणेतीन वेळा बदलावी, एवढी ती झाली.

एक लिटर हवा एक अंशाने तापवायला सुमारे १.२ जूल लागतात. आत २० अंश आणि बाहेर शून्य अंश असेल तर या भोकातून सतत ३७ वॉट उष्णता बाहेर जाते. आता तेवढ्याच १० चौरस सेंटिमीटरच्या धड भिंतीचा हिशेब करा. चांगले उष्णतारोधक असलेल्या भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंशाला ०.३ वॉट जातात. म्हणजे आपल्या तुकड्यातून जातील फक्त ०.००६ वॉट. दोन्हींचा भागाकार सहा हजारांच्या वर जातो!

पण न दिसणारी ही गळती मोजायची कशी? त्यासाठी स्वीडनमधल्या संशोधकांनी एक साधे उपकरण वापरले. खिडकीत घट्ट बसणारा एक पंखा घ्यायचा, तो चालवून घरातला दाब ५० पास्कलने, म्हणजे पाण्याच्या पाच मिलिमीटर उंचीएवढा, बदलायचा आणि तो तसाच ठेवायला किती हवा ढकलावी लागते ते मोजायचे. जितकी हवा ढकलावी लागेल, तितकी घराला गळती. पुढे पंखा खिडकीतून दारात आला आणि उपकरणाला 'ब्लोअर डोअर' हे नाव पडले. कॅनडात हॅरल्ड ऑर यांनीही असेच उपकरण तयार केले. १९७७ मध्ये रेजायना शहरात त्यांच्या गटाने 'सस्कॅचेवन कॉन्झर्व्हेशन हाऊस' नावाचे प्रायोगिक घर बांधले. त्याच्या भिंती फूटभर जाड होत्या आणि प्रत्येक सांधा काळजीने बंद केला होता. ५० पास्कल दाबाला त्या घरातली हवा तासाला ०.८ पट एवढीच बदलत होती. उणे ३० अंशांच्या हिवाळ्यातही त्याला नेहमीची भट्टी लागत नव्हती. घर इतके बंद, मग श्वासाला ताजी हवा कोठून? त्यासाठी जाणाऱ्या हवेची उष्णता येणाऱ्या हवेला देणारे एक वेगळे यंत्र त्यांनी बसवले होते. हा भाग विसरून चालणार नाही. हवा यायलाच हवी, पण ती आपण ठरवलेल्या वाटेने यावी.

पुढे १९९१ मध्ये जर्मनीत डार्मस्टाट येथे वोल्फगांग फाइस्ट यांनी 'पॅसिव्ह हाऊस' उभे केले. त्याच्या मानकात ही मर्यादा तासाला ०.६ पट आहे. अशा घरात हीट पंपासाठी पाडलेले एकच भोक उघडे राहिले तरी चाचणीत लगेच दिसते.

तिसरा धडा : आग

गळती शोधण्याची सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे मेणबत्ती. फटीजवळ ज्योत धरावी, ती झुकली की गळती आहे. या साध्या पद्धतीनेच तिसरा धडा दिला आणि तो सर्वांत महाग पडला.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, टेनेसी नदीकाठी ब्राउन्स फेरी हे अणुवीजकेंद्र आहे. १९७५ साली तेथल्या दोन अणुभट्ट्या पूर्ण शक्तीने चालू होत्या, तिसरीचे काम सुरू होते. नियंत्रणकक्षाखालच्या खोलीत शेकडो केबली एकत्र येत आणि भिंतीतल्या भोकांतून अणुभट्टीच्या इमारतीत जात. किरणोत्सारी वायू चुकूनही बाहेर पडू नये म्हणून त्या इमारतीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवलेला असे. तो तसा टिकायचा तर केबलींभोवतीची जागा घट्ट बंद हवी. म्हणून ती पॉलियुरेथेन फोमने बुजवली होती.

२२ मार्च १९७५ च्या दुपारी सव्वाबाराच्या सुमारास कामगार मेणबत्ती घेऊन गळती तपासत होते. एके ठिकाणी सुमारे पाच बाय दहा सेंटिमीटरचे भोक सापडले. एकाने त्यात फोमचे तुकडे कोंबले आणि बंद झाले का ते पाहायला पुन्हा ज्योत जवळ नेली. झाले नव्हते! कमी दाबाच्या बाजूकडे जाणाऱ्या हवेने ज्योत आडवी ओढली आणि फोम पेटला. त्याच हवेने आग भिंतीपलीकडे नेली, जेथे ती कोणाला दिसत नव्हती. आधीच्या दिवसांतही अशी छोटी आग लागून विझवली गेली होती. त्यामुळे कामगारांनी स्वतःच ती विझवायचा प्रयत्न केला. धोक्याची सूचना देण्यात सुमारे पंधरा मिनिटे गेली.

आग जवळजवळ सात तास चालली. १६०० हून अधिक केबली जळाल्या. पहिल्या भट्टीला आणीबाणीत थंड करणाऱ्या यंत्रणा एकामागून एक हातातून गेल्या. चालकांनी वेगळ्या कामासाठी असलेल्या पंपांनी कसेबसे पाणी पुरवून भट्टी सांभाळली. विजेच्या केबलींवर पाणी मारायला अधिकारी तयार नव्हते. स्थानिक अग्निशमन प्रमुख दुपारपासून पाण्याचाच आग्रह धरत होते. संध्याकाळी अखेर पाणी मारल्यावर आग थोड्याच वेळात विझली. सुदैवाने कोणी दगावले नाही आणि किरणोत्सारही पसरला नाही.

चौकशीत जे पुढे आले ते विचार करण्यासारखे आहे. फोमची निवड हवा अडवण्यासाठी झाली होती आणि हवा अडवण्याचे काम तो चांगले करत होता. पण तो पेटतो का, हे ज्या स्थितीत तो भोकात बसवला जात होता त्या स्थितीत कोणी तपासले नव्हते. शिवाय सुरक्षेच्या एकमेकींना पर्याय असणाऱ्या केबली एकाच भिंतीतून शेजारीशेजारी नेल्या होत्या. १९८० मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने याबाबत कडक नियम केले. भिंतीतले भोक, त्यातली केबल आणि भरलेला पदार्थ हे तिन्ही एकत्र भट्टीत ठेवून तपासण्याची प्रमाणित चाचणी १९८१ मध्ये आली. उष्णता लागताच फुगून जागा बंद करणारे पदार्थ वापरात आले. केबलीचे वेष्टन वितळले की जी पोकळी उरते, ती हे पदार्थ भरून काढतात.

केबलींच्या आगीचा अनुभव आपल्यालाही आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुवीजकेंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली. ती केबलींच्या वाटेने पसरली, धूर नियंत्रणकक्षात शिरला आणि केंद्र सुमारे सतरा तास विजेविना राहिले. तेथे कारण वेगळे होते, पण केबल ही आगीची वाट असते, हे पुन्हा दिसले.

मग भोक बुजवायचे कसे?

या तीन धड्यांतून एकच गोष्ट निघते. भोक 'भरणे' आणि भोक 'बंद करणे' यांत फरक आहे. पाणी, बाष्प, हवा, आग आणि उंदीर-झुरळे यांपैकी कोणाला अडवायचे ते आधी ठरवावे लागते. एक पदार्थ सगळ्यांना पुरा पडेलच असे नाही.

एअरकंडिशनर असो की हीट पंप, आजची चांगली पद्धत अशी. भोक बाहेरच्या बाजूला थोडे उतरते पाडावे, म्हणजे पाऊस आत येणार नाही. त्यात प्लास्टिकच्या नळीचा तुकडा बसवावा आणि नळी व भिंत यांमधली जागा सिमेंटने भरावी. आत नळ्या-केबलींभोवती मात्र लवचीक पदार्थच हवा, कारण यंत्र थरथरते आणि तांबे उष्णतेने लांबते. कडक सिमेंट तेथे तडकतेच. थंड नळीवरचे वेष्टन भिंतीच्या आतही अखंड हवे, नाहीतर तेथेच दव जमते. केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी तेथेच गळून पडते. उन्हात फोम भुसभुशीत होतो, म्हणून बाहेरून झाकण हवे. आणि ती भिंत आग अडवण्यासाठी असेल, तर अग्निचाचणी झालेलाच पदार्थ वापरावा.

शेवटी तपासणी. शाळेत किंवा घरी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. दारे-खिडक्या लावून स्वयंपाकघरातला किंवा प्रयोगशाळेतला बाहेर हवा फेकणारा पंखा चालू करावा. आतला दाब किंचित उतरेल. आता पातळ टिश्यू कागदाची बोटभर रुंद पट्टी किंवा सावरीच्या कापसाचे एक बोंड दोऱ्याला बांधून नळ्या-केबलींच्या भोकांजवळून, खिडकीच्या चौकटीजवळून, दाराखालून फिरवावे. पट्टी कोठे कोठे आत झुकते त्याच्या खुणा विद्यार्थ्यांनी इमारतीच्या आराखड्यावर कराव्यात. खोलीत गॅसची शेगडी किंवा बर्नर पेटलेला असताना हा प्रयोग करू नये. आणि मेणबत्ती का वापरायची नाही, हे विद्यार्थ्यांना विचारावे. ब्राउन्स फेरीची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा सापडणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेतले भोक त्याच मिस्त्रीने पुन्हा नीट करून दिले. उतार दिला, नळीचा तुकडा घातला, लवचीक सीलंट भरले. काम झाल्यावर मी पंखा लावून कागदाची पट्टी त्याच्यासमोर धरली. ती एका कोपऱ्यात अजून हलत होती. त्याने काही न बोलता सीलंटची नळी पुन्हा हातात घेतली. आता तो दुसरीकडे काम करतानाही खिशात कागदाची पट्टी ठेवतो, असे परवा भेटला तेव्हा सांगत होता.